डॅटसन २४०-झेडच्या मागच्या पिना

डॅटसन २४०-झेडचं मागचं चाक कुठल्या दिशेला बघतं, ते चार रबरी बुश (सांध्यात बसवलेल्या रबर-पोलादाच्या नळ्या) आणि एक पोलादी पिन ठरवतात. ही पिन बाहेर काढणं हे या गाडीवरचं सगळ्यांत बदनाम काम. गाडीचे हिवाळे मिशिगनमध्ये गेले असतील तर विचारायलाच नको. माझी गाडी १९७२ची, डेट्रॉइटच्या उपनगरातली. यंदा तिच्या दोन्ही बाजूंच्या पिना आणि आठही बुश बदलले. ही गाडी बाळगणारे मराठी लोक फार नसतील याची कल्पना आहे. पण गंजून एकजीव झालेले दोन भाग ज्यांनी कधी सोडवायला घेतले असतील, मग ते शेतावरच्या पंपाचे असोत की आजोबांच्या लँब्रेटाचे, त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

आधी थोडं गाडीबद्दल. १९६९च्या शेवटी निसानने जपानमध्ये 'फेअरलेडी झेड' आणली. तीच अमेरिकेत डॅटसन २४०-झेड म्हणून विकली गेली. एका रांगेतले सहा सिलिंडर, २,३९३ सीसी, वजन हजार किलोच्या जरासं वर आणि सुरुवातीची किंमत ३,५२६ डॉलर. निसानचा अमेरिकेतला कारभार पाहणाऱ्या युताका कातायामांनी अशा गाडीसाठी कंपनीच्या मागे लकडा लावला होता. कातायामा १०५ वर्षं जगले, २०१५ साली गेले. इकडचे झेडवाले अजून त्यांचं नाव घरातल्या वडीलधाऱ्यासारखं घेतात.

मी मात्र या गाडीकडे वळलो तो शेखर मेहतांमुळे. युगांडात जन्मलेला हा भारतीय वंशाचा ड्रायव्हर. इदी अमीनने आशियाई लोकांना हाकलल्यावर केनियात आला आणि १९७३ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली २४०-झेड चालवून जिंकला. पुढे आणखी चार वेळा जिंकला, तेही डॅटसनमधूनच. चिखल, खड्डे, नदीनाले आणि हजारो किलोमीटरचं अंतर, अशी ती शर्यत. मेहतांच्या गाडीची मागची मांडणी मुळात हीच होती. गाडीखाली झोपून जाम झालेल्या पिनेकडे बघताना ही गोष्ट मला धीर देत असे.

गाडी काय सांगत होती, ते आता. हायवेवर चढणाऱ्या गोल रॅम्पवर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मागचा भाग क्षणभर स्वतःच्या मर्जीने सरकायचा. स्टिअरिंग हललेलं नसायचं, तरी गाडी थोडी आत वळायची. पुन्हा पाय दिला की परत पहिल्यासारखी. मागचे टायर आतल्या कडेला जास्त झिजत होते. आणि गिअर टाकून क्लच सोडला की मागून 'ठक्क' असा आवाज.

तो आवाज बुशचाच असेल असं धरून सामान मागवणं चुकीचं. या गाडीत मागून ठक्क करणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या दोन चाकांना इंजिनाचा जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीचं, पुढचं रबरी माउंटिंग फाटलेलं असू शकतं, डिफरन्शियलला मागून धरणाऱ्या मिशीच्या आकाराच्या पट्टीचे बुश गेलेले असू शकतात, डिफरन्शियलपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्यांचे, म्हणजे हाफ-शाफ्टचे, क्रॉस (फिरते सांधे) ढिले असू शकतात. म्हणून गाडी स्टँडवर घेतली आणि एकेक गोष्ट बाद करत गेलो. चाक वर-खाली धरून हलवलं, बेअरिंगमध्ये खेळ नव्हता. हाफ-शाफ्ट हाताने पिळून पाहिले, क्रॉस घट्ट होते. मग हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) आणि खालचा आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा आडवा भाग) यांच्यामध्ये छोटी पहार घालून जोर दिला, आणि आर्मच्या बाहेरच्या डोळ्यातली, म्हणजे बुश बसतो त्या गोल भोकातली, नळी सरळसरळ एका बाजूला गेली. रबराला चिरा पडलेल्या होत्या आणि आतली नळी मध्यावरून खाली बसलेली. दुसऱ्या बाजूला तेच. निदान झालं.

बुशमधला एवढासा खेळ गाडीला इतका का जाणवतो, ते समजून घेण्यासारखं आहे. या मांडणीला सगळे 'चॅपमन स्ट्रट' म्हणतात, लोटस मोटार कंपनीच्या कॉलिन चॅपमन यांच्यावरून. पण चॅपमन यांच्या मूळ मांडणीत चाकाला फिरवणारा हाफ-शाफ्टच चाकाला आडवा आधारही देत असे. त्याची लांबी ठरलेली, त्यामुळे चाक आत-बाहेर सरकू शकत नसे. २४०-झेडचा हाफ-शाफ्ट मात्र सरकत्या खाचांचा आहे, लांब-आखूड होतो. तो फक्त फिरवतो, आडवं काहीच धरत नाही. वरून स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि डँपर असलेला उभा खांब, चाकाला उभं धरतो. उरलेलं सगळं, म्हणजे वळणावरचा आडवा जोर, इंजिनाने चाकाला पुढे ढकलण्याचा जोर, ब्रेकचा जोर आणि चाकाची दिशा, हे खालच्या एका आर्मवर येतं. तो आर्म आत दोन बुशवर टांगलेला, बाहेर दोन बुशवर. बाहेरच्या दोन डोळ्यांतून आणि त्यांच्यामधल्या स्ट्रटच्या ओतीव हाउसिंगमधून एक लांब पिन आरपार जाते. तीच ही पिन. दोन्ही टोकांना आटे आणि नट. मध्ये एक खाच, आणि हाउसिंगमधून आडवा येणारा पाचरीसारखा लॉक-बोल्ट त्या खाचेत बसून पिनेला फिरू देत नाही, सरकू देत नाही.

बाहेरचे दोन बुश सारखे झिजले नाहीत तर चाक पाय दिल्यावर एका दिशेला आणि पाय उचलल्यावर दुसऱ्या दिशेला बघतं. माझ्या रॅम्पवरच्या अनुभवाचं कारण हेच.

आता गंज. डेट्रॉइट शहराखाली हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे. तिथलं खडेमीठ हिवाळ्यात रस्त्यांवर पसरतात, बर्फ वितळावं म्हणून. ते खारं पाणी गाडीच्या खालच्या प्रत्येक फटीत जातं. लॉक-बोल्टच्या भोकातून ते पिनेच्या बरोब्बर मध्यावर पोचतं, तिथून बाहेर यायला वाट नसते. लोखंडाचा गंज झाला की त्याचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट होतं. मूळची सैल फिट असलेली पिन अशी आतून आवळली जाते. बाहेरून नट छान निघतात, आटे चकचकीत असतात, आणि पिन जागची हलत नाही.

काम सुरू करताना पहिला निर्णय घेतला तो असा, की पिन गाडीवर काढायची नाही. बरेच जण गाडीखाली झोपून पिन ठोकतात. तिथे हातोडा फिरवायला जागा नसते. जोर तिरका बसतो, वर पेट्रोलची टाकी असते आणि ज्योत वापरता येत नाही. मी स्ट्रट, हब आणि आर्म हा सगळा जुडगा एकत्र खाली उतरवायचं ठरवलं. चाक काढलं, ड्रम काढला, हँडब्रेकची केबल सोडली, ब्रेकची रबरी नळी सोडून तोंडं बंद केली. हाफ-शाफ्टच्या फ्लँजचे चार बोल्ट काढले. दोन फ्लँज एकमेकांसमोर जसे होते तशा रंगाच्या खुणा केल्या. आर्मची आतली टोकं सोडली. मग गाडीच्या आत, मागच्या खिडकीजवळचं प्लास्टिकचं पॅनल काढून स्ट्रटच्या माथ्यावरचे तीन नट सोडले. मधला मोठा नट सोडायचा नाही. त्याच्या आधारावर स्प्रिंग दाबून धरलेली असते, तो सुटला तर जीव जाऊ शकतो. तीन नट निघाले की सगळा जुडगा जॅकवर अलगद खाली येतो. वजनदार असतो, दुसरं माणूस हवंच. माझी मुलगी होती. तिने जॅक सोडला, मी जुडगा धरला.

लॉक-बोल्ट काढताना धीर हवा. त्याचा नट काढायचा, मग नट उलटा करून बोल्टच्या टोकाशी समपातळीत येईल इतपत परत लावायचा, म्हणजे टोक पसरत नाही आणि आटे वाचतात. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की दोन्ही बाजूंना तेल सोडत होतो. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन अर्धंअर्धं, ढवळून. हे मिश्रण पातळ होतं आणि गंजात शिरतं. ॲसिटोन भडकतं, म्हणून गॅरेजचं दार उघडं आणि ज्योत त्या दिवशी बंद. पुरेसे दिवस मुरल्यावर पितळी ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा) लावून एकेक नेमका घाव घातला. दोन्ही लॉक-बोल्ट निघाले, म्हणजे निम्मी लढाई जिंकली. हा बोल्ट आत तुटला तर ड्रिल मारून काढावा लागतो, आणि ड्रिल भरकटलं तर हाउसिंग जातं.

पिनेसाठी ओढणारं हत्यार बनवलं होतं. जाड भिंतीची पोलादी नळी, तिच्या तोंडावर जाड वायसर, त्यावर थ्रस्ट बेअरिंग, आणि पिनेच्या आट्यांना लांब नटाने जोडलेला कडक पोलादाचा रॉड. बाहेरचा नट आवळत गेलं की नळी हाउसिंगवर रेटते आणि पिन नळीच्या आत ओढली जाते. तत्त्व सोपं आहे. जोर सरळ रेषेत लागतो, धक्का नसतो, कुठे थांबायचं ते हाताला कळतं.

डाव्या बाजूला पाना आवळून ठेवला, हाउसिंगचा खालचा भाग ज्योतीने थोडा तापवला, परत आवळला. ज्योत फार वेळ नाही आणि फार वर नाही, कारण वरच चाकाचं बेअरिंग आणि त्याची सील असते, आणि स्ट्रटच्या नळीत डँपरचं तेल. असं पुन्हा पुन्हा करत राहिलो. मग एकदम कडाड आवाज झाला. पान्याखालचा ताण सुटला, तेव्हा मला वाटलं रॉड तुटला. पण पिन केसभर सरकली होती. त्यानंतर प्रत्येक फेरीला ती किरकिरत थोडी थोडी बाहेर येत गेली. लालसर-काळी, आणि मध्ये खाचेभोवती गंजाचा सगळ्यांत जाड थर. पाणी जिथे अडकून बसलं होतं तिथे.

उजव्या बाजूला तसं झालं नाही. पाना जड होत गेला, आणि मग अचानक हलका. पण पिन तिथेच. पाहिलं तर पिनेच्या टोकाचे आटे ताणले जायला लागले होते. थांबलो.

अशा वेळी मी कोल्हापूरला मामांना फोन करतो. मामांचं शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथचं काम होतं. तेलाची इंजिनं, पंप आणि हंगामात गुऱ्हाळांचे चरक. उसाचा रस लोखंडाला मिठापेक्षा कमी खात नाही, त्यामुळे जाम झालेले शाफ्ट त्यांनी जितके काढलेत तितके क्वचितच कुणी काढले असतील. व्हिडिओवर सगळं दाखवलं.

"हातोडा कुठाय?" त्यांचा पहिला प्रश्न.

"घेतला नाही मामा अजून."

"घिऊ नगंस. ठोकलंस की टोक पसरतंय. मग ती पिन कुठनंच निघत न्हाई. कॉटर काढलास का?"

"काढला. खाचेत काही नाही आता."

"मग पिनीचा मोह सोड. नवी पिन मिळत्या का?"

"मिळते."

"आणि ते ओतीव? ते मिळतंय?"

"जुन्या गाडीचंच शोधावं लागेल. तेही असंच गंजलेलं असणार."

"मग काय वाचवायचं ते ठरलं की. दोन्ही अंगानं कापून टाक. मधला तुकडा प्रेसवर. मारायचं न्हाई, दाबायचं. आणि दाबताना ओतीवाला बुडाला आधार दे, अधांतरी ठेवू नगंस. बिडाला वाकायचं म्हाईत न्हाई, ते फुटतंयच."

या कामाबद्दल मी वाचलेल्या सगळ्या पानांपेक्षा हे बोलणं मला मोलाचं वाटतं. पिन कापायला मन होत नाही, कारण ती कापली की मागे फिरायचा रस्ता बंद होतो. पण पिन हा वापरून टाकायचा भाग आहे. हाउसिंग तसं नाही. एकदा हे मनाशी पक्कं झालं की पुढचं काम सरळ आहे.

आर्मचा डोळा आणि हाउसिंग यांच्यामध्ये फट अगदी थोडी असते, त्यात बुशच्या रबराची कड आलेली. तिथून इलेक्ट्रिक करवतीचं लांब पातं घातलं. धातू कापणारं पातं, मंद वेग आणि सतत तेल. पातं आर्मकडे झुकवायचं, हाउसिंगकडे नाही. आर्मच्या बाजूला कापलं जातं ते बुशचं टाकाऊ रबर आणि नळी, हाउसिंगच्या बाजूला ओरखडा गेला तर वायसर बसायची सपाट जागा खराब होते. पातं बोथट झालं की लगेच बदललं. दोन्ही काप झाल्यावर आर्म वेगळा झाला आणि हाउसिंगमध्ये पिनेचा तुकडा उरला.

पहिल्या मशीन शॉपने काम घेतलं नाही. जुन्या गाडीचा भाग फुटला तर जबाबदारी कोणाची, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटण्यासारखं होतं. दुसरीकडे एक वयस्क गृहस्थ भेटले. त्यांनी भाग हातात घेऊन फिरवून पाहिला, बोअरभोवती बोट फिरवलं आणि "ठेव" एवढंच म्हणाले. त्यांच्याकडे पन्नास टनी प्रेस होता. त्यांनी आधी अर्धा तास फक्त आधार रचला. हाउसिंगचा आकार वेडावाकडा, कुठलीच बाजू सपाट नाही. पोलादी ठोकळे घेऊन, कानशीने एकाची कड उतरवून, बोअरच्या अगदी लगत चारी बाजूंनी टेकेल अशी बैठक केली, स्ट्रटची नळी स्टँडवर तोलून धरली. मग पिनेपेक्षा जरा बारीक व्यासाचा दांडा लावला आणि प्रेस खाली घेतला.

काटा चढत गेला. ते थांबले. बोअरला थोडी ज्योत दाखवली. परत काटा थोडा वर नेला, आणि हात काढून नुसतेच उभे राहिले. दाब तसाच ठेवून काही मिनिटं वाट बघायची, हे मी तिथे शिकलो. पिन सुटली तेव्हा सगळं टेबल हादरलं. हाउसिंगला तडा गेला नव्हता. त्यांनी ते धुऊन, भिंगाखाली बोअर तपासून मगच माझ्या हातात दिलं. घेतलेल्या पैशांपेक्षा त्यांनी केलेलं काम मोठं होतं.

आता बुश. आर्मच्या डोळ्यात बुशची बाहेरची पोलादी नळी घट्ट दाबून बसवलेली असते. रबर जाळून काढायची पद्धत आहे, लवकर होतं, पण धूर घाणेरडा आणि विषारी. आसपास घरं असताना मी ते करणार नव्हतो. रबरात गोल ओळीने ड्रिलची भोकं पाडली, आतली नळी ढकलून काढली, उरलेलं रबर सुरीने खरवडलं. मग हॅक्सॉचं पातं आतून घालून बाहेरच्या नळीला लांबीच्या दिशेने चीर दिली. चीर नळीपुरतीच, आर्मला लागली तर आर्म कमजोर होतो. शेवटच्या थरापाशी पातं सोडून छिन्नीने नळीची कड आत दुमडली की ती सैल होते आणि निघते. चारही डोळे प्रत्येक आर्मला, दोन आर्म. इथे घाई करण्यासारखं काही नाही. रोज थोडं थोडं केलं.

नवे बुश रबराचे की पॉलियुरेथेनचे, यावर झेडवाल्यांमध्ये न संपणारा वाद आहे. पॉलियुरेथेन कडक, टिकाऊ आणि बसवायला सोपं. या मागच्या आर्ममध्ये आतल्या आणि बाहेरच्या पिना समांतर आहेत, त्यामुळे तिथे ते चालतंही. पण त्यात नळी बुशच्या आत फिरते, म्हणजे ग्रीस लागतं, आणि ग्रीस धुऊन गेलं की करकर सुरू होते. मूळचा रबरी बुश वेगळ्या तत्त्वावर चालतो. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. चाक वर-खाली होतं तेव्हा काहीच घासत नाही, रबर पिळलं जातं आणि परत येतं. घासत नाही म्हणून ग्रीस नको, आवाज नाही. मी रस्त्यावर चालवतो, शर्यत लावत नाही. माझं मत रबराच्या बाजूने पडलं आणि अजूनही तेच आहे. रस्त्याचा बारीक थरथराट रबर गिळून टाकतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या या पत्र्याला त्याची गरज आहे.

बुश बसवायच्या आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवले. आर्मचे डोळे आतून गुळगुळीत केले, सकाळी उन्हात तापू दिले. जाड आट्यांचा रॉड, दोन्हीकडे मापाच्या सॉकेट आणि वायसर. असं आवळत गेलं की बुश सरळ आत जातो. जोर बाहेरच्या नळीच्या कडेवर द्यायचा, रबरावर किंवा आतल्या नळीवर नाही. तिथे दिला तर रबराचं चिकटलेलं अंग आतच फाटतं आणि नवा बुश पहिल्या दिवसापासून मेलेला असतो.

हाउसिंगचं बोअर ब्रेक सिलिंडर आतून घासायच्या होन नावाच्या हत्याराने साफ केलं. धातू काढायचा नाही, गंज काढायचा. नवी पिन बोटाने ढकलली की आत जावी आणि डुगडुगू नये, एवढंच माप. दोन्ही बोअरमध्ये तसं झालं.

इथे एक गोष्ट आवर्जून करा. पिन आत गेली की तिची मधली खाच दिसत नाही, आणि लॉक-बोल्ट बसायला ती खाच भोकासमोर अगदी नेमकी यायला हवी. म्हणून पिन घालण्याआधी खाच ज्या बाजूला आहे ती दिशा पिनेच्या टोकावर कानशीने खुणेची रेघ मारून नोंदवा. मग आत फिरवताना ती रेघ बघून फिरवता येतं. खाच भोकासमोर आली की नाही याची भोकातून टॉर्च टाकून खात्री करायची. लॉक-बोल्ट हाताने आत गेला पाहिजे. ओढून घेण्यासाठी नट आवळायचा नाही. त्याचे आटे बारीक आहेत, पाचर खाचेत बसली नसेल तर तेच आधी जातात.

पिनेला, बोअरला, बुशच्या आतल्या नळ्यांना आणि लॉक-बोल्टला निकेलचं अँटी-सीझ (भाग जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप) भरपूर लावलं. लॉक-बोल्टच्या भोकाची दोन्ही तोंडं ग्रीसने बुजवली. पाणी जिथून आत शिरतं ती वाट हीच आहे, हे डाव्या पिनेने दाखवून दिलं होतं. मुलीने विचारलं, "बाबा, एवढं का लावतोयस?" तिला म्हटलं, पुढच्या वेळी ही पिन काढशील तेव्हा तुला कळेल.

जुडगा परत वर चढवताना सगळे नट हाताने बसवून नुसते टेकवले, आवळले नाहीत. रबरी बुशच्या बाबतीत हा सगळ्यांत महत्त्वाचा नियम आहे, आणि तो न पाळल्यामुळे चांगले बुश वर्षभरात फाटतात. गाडी हवेत असताना चाकं लोंबत असतात, आर्म खाली कललेला असतो. त्या अवस्थेत नट आवळले तर बुशची आतली नळी त्या कोनात पकडली जाते. गाडी जमिनीवर आली की आर्म वर येतो आणि रबर नुसतं उभ्या-उभ्याच पिळलेलं राहतं. म्हणून चाकं लावून गाडी लाकडी ठोकळ्यांवर घेतली, खाली शिरायला जागा होईल इतकी वर, पण वजन पूर्ण चाकांवर. मागचा भाग दाबून हलवला, गाडी थोडी पुढे-मागे ढकलली, म्हणजे चाकं आपल्या जागी बसतात. मग टॉर्क पान्याने कारखान्याच्या मॅन्युअलप्रमाणे पिनेचे आणि आतले नट आवळले. ब्रेकची नळी सोडली होती, त्यामुळे ब्रेकची हवा काढली, पेडल घट्ट आलं.

या गाडीत मागच्या चाकांची दिशा किंवा झुकाव मूळ मांडणीत जुळवता येत नाही. तरीही अलाइनमेंट करून घ्यायची, कारण आर्म वाकलेला आहे का आणि चाकं एकमेकांशी समांतर आहेत का, ते तिथेच कळतं. कागदावर दोन्ही बाजूंचे आकडे जवळजवळ सारखे आले. पूर्वीच्या कागदावर डावी-उजवीकडे जो फरक होता तो गेला.

रॅम्पवर आता मी मुद्दाम वळणाच्या मध्यावर पाय उचलून बघतो. गाडी नाक जरा आत घेते, जसं तिने घ्यायला हवं, आणि मागचा भाग जागेवर राहतो. ठक्क आवाज बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. उरलेला डिफरन्शियलच्या पुढच्या माउंटिंगचा आहे, हात लावून पाहिल्यावर तिथे रबर सुटलेलं दिसलं. काही शे मैल चालवल्यावर सगळे नट परत टॉर्क पान्याने तपासले, कुठलाही फिरला नाही.

डिफरन्शियलचं माउंटिंग आणि मिशीच्या पट्टीचे बुश हिवाळ्याआधी करायचे आहेत. पुढच्या चाकांचे टेन्शन-रॉडही, म्हणजे चाकाला पुढे-मागे सरकू न देणारे दांडे, त्यानंतर घेणार. तिथे मात्र रॉडच्या बुशला दोन्ही बाजूंना रबरच. त्या रॉडला दोन्हीकडून कडक पॉलियुरेथेन लावलं की रॉडला हलायला जागा राहत नाही आणि तो आट्यांपाशी तुटतो. असे तुटलेले रॉड इकडे बऱ्याच जणांनी पाहिलेत. कापलेल्या पिनेचे तुकडे मामांनी मागितले आहेत. उद्यमनगरात शिकायला येणाऱ्या पोरांना खाचेभोवतीचा गंज दाखवायचा आहे त्यांना. पुढच्या भारतवारीत घेऊन जाईन.